बदकाला सुळे नसतात

"पिवळा सदरा, पुठ्ठ्याची चोच, पाठीला थोडी कागदाची पिसं," सुकेर्ती मोबाइलवरचा अरिनी बाईंचा निरोप मोठ्याने वाचत होती. अरिनी बाई म्हणजे बालवाडीच्या बाई. "प्राण्याचा सोपा पोशाख, घरच्या घरी करा, असं दोनदा लिहिलंय बघा. सासीला बदक व्हायचंय. अर्ध्या तासाचं काम आहे, मी करून टाकते."

नेंगा विदार्ताने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला.

"तू करून टाकणार?"

"मग?"

"आणि गाव काय म्हणेल? नेंगा विदार्ताची पोरगी सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत पुठ्ठ्याची चोच बांधून निघाली म्हणेल!"

"गाव म्हणेल, बदक निघालं," सुकेर्ती म्हणाली. "चार वर्षांची आहे ती, अहो. चार वर्षांची."

पण 'सोपा' हा शब्द नेंगाला झोंबला होता तो झोंबलाच. त्याने उभ्या जन्मात सोपं असं काही केलेलंच नव्हतं. न्येपीच्या, म्हणजे मौन पाळायच्या नववर्षदिनाच्या, आदल्या संध्याकाळी गावोगाव बांबू-कागदाचे राक्षस मिरवतात, ते ओगोह-ओगोह. त्यांच्या बंजारचा, म्हणजे वाडीचा, ओगोह-ओगोह दरवर्षी नेंगाच्या हातचा असे. घरावरून डोकावेल एवढा उंच, डोळे नारळाएवढे, जीभ पोटापर्यंत. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक खास बघायला येत, आणि राक्षसाच्या पायाशी रंगवलेली पाटी वाचत: 'शिल्पकार : नेंगा विदार्ता'. ही पाटी तो सगळ्यात आधी रंगवायचा. राक्षस मागाहून.

एवढं असून त्याच्या मनाला एक सल होता. सासीने, त्याच्या पोटच्या पोरीने, बापाचं एकही काम आजवर डोळे उघडून पाहिलेलं नव्हतं. राक्षस खांद्यांवर उचलला गेला, झांजा वाजायला लागल्या, की ती आईच्या लुंगीत तोंड खुपसायची ते पार मिरवणूक जाईपर्यंत. या वर्षी तर तिने आतूनच विचारलं होतं, "गेला का तो?"

"गेला," नेंगा म्हणाला होता.

"तुम्ही केला होता, बापा?"

"हो!"

"का?"

तेव्हापासून तो 'का' नेंगाच्या मनात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता. म्हणून आता बदक. बदकाला कोण घाबरतं? बदक असं करीन, त्याने मनाशी ठरवलं, की पोरगी बघतच राहील.

एरवी तो बंजारच्या सभागृहात काम करायचा. तिथे चारी बाजू मोकळ्या, छप्पर उंच, वाटेल तेवढं मोठं करा. पण सतरा ऑगस्टच्या खेळांसाठी सभागृहात पोत्यांच्या शर्यतीची पोती आणि भाड्याच्या खुर्च्या रचल्या होत्या. तेव्हा त्याने घरच्या अंगणातच बांबू चिरायला घेतला. आवाज ऐकून त्याचा दोस्त सुतेजा आला. नुसता बघायला म्हणून आला आणि कोयता घेऊन बसला.

"हे काय?" सुकेर्तीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सांगाडा."

"सदऱ्याला सांगाडा?"

"वहिनी, सांगाड्याशिवाय पोट कसं येणार?" सुतेजा समजुतीच्या सुरात म्हणाला.

सुकेर्तीने कपाळाला हात लावला आणि वांगी चिरायला घेतली.

दोन दिवसांत पोट आलं. छाती आली. डौलदार मान आली. त्यावर कांजीच्या खळीने कागदाचे थर चढले, थरांवर पिवळ्या झिरझिरीत कागदाची पिसं चढली. शेकड्यांनी पिसं, एकेक कापून, एकेक चिकटवून. काम सुरेखच झालं होतं, त्यात वाद नाही. शेजारणी पूजेचं तबक घेऊन देवळाकडे जाता जाता आत डोकावत आणि "अगं बाई!" म्हणत. दर 'अगं बाई'ला नेंगाची छाती बदकाच्या छातीशी स्पर्धा करी. चोच बसवल्यावर मात्र सुकेर्ती हात पुसत बाहेर आली आणि निरखून बघू लागली.

"अहो, हे काय आहे?"

"काय?"

"हे. सुळे."

नेंगाने पाहिलं. चोचीच्या दोन्ही कडांतून दोन सुबक, पांढरेशुभ्र सुळे वर आले होते. ते आपण कधी लावले हे त्याला खरोखरच आठवेना.

"हाताची सवय," तो पुटपुटला.

"बदकाला सुळे नसतात."

"माहीत आहे मला!"

"बदकाला दातच नसतात."

"पण आलेत झकास, वहिनी," सुतेजा म्हणाला.

सुळे काढून टाकले. मग सासीला बोलावलं. ती आली ती आजोबांच्या मागून, त्यांची लुंगी धरून. आजोबा म्हणजे नेंगाचे वडील. ते गावाची बदकं राखत. सासीने बोटांच्या फटीतून पाहिलं न पाहिलं केलं आणि फट बंद केली.

"रागावलंय," ती म्हणाली.

नेंगाने बदकाच्या भुवया खाली रंगवल्या.

"अजून रागावलंय."

त्याने डोळे बारीक केले.

"आता खूपच रागावलंय!" आणि पोरगी रडायलाच लागली.

नेंगाच्या हातातला कुंचला गळून पडला. सतरा प्रकारचे क्रोध त्याला डोळे मिटून रंगवता येत. दात खाऊन आलेला, दारू पिऊन आलेला, बायकोशी भांडून आलेला, सगळे. पण न रागावलेला चेहरा कसा असतो? त्याला तो कधी कुणी मागितलाच नव्हता.

तो तडक आजोबांबरोबर शेतावर गेला. कापणी झालेल्या खाचरात आजोबांनी आपली लांब काठी रोवली होती. तिच्या टोकाला पांढरं फडकं. ते फडकं दिसतंय तोवर बदकं त्याच्या भोवतीच चरत, लांब जात नसत. नेंगा बांधावर उकिडवा बसला आणि एकेका बदकाचं तोंड न्याहाळू लागला. बदकंही थोडा वेळ त्याचं तोंड न्याहाळून आपल्या कामाला लागली.

"काय बघतोस एवढं?" आजोबांनी विचारलं.

"हसतात कशी ते बघतोय."

"बदक हसत नाही रे."

"मग ती रागावलेली का वाटत नाहीत?"

आजोबांनी चिखलात चोच खुपसणाऱ्या बदकांकडे बोट दाखवलं. "त्यांना वेळ कुठे असतो?" ते म्हणाले.

नेंगाला त्यातून काय उमगलं कोण जाणे, पण घरी येऊन त्याने डोळे पुसून नव्याने रंगवले, आणि सासीला पुन्हा उभं केलं. या वेळी बोटांची फट थोडी जास्त वेळ उघडी राहिली.

"आता?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"आता... थोडंच रागावलंय."

नेंगाला आभाळ ठेंगणं झालं. थोडंच! त्याने सुतेजाला मिठी मारली, आणि त्या आनंदाच्या भरात बदकाला दोन्ही बाजूंना पसरलेले पंख लावले, दोरी ओढली की फडफडणारे. शेवटी पायाशी पाटी लावली. ती आधीच रंगवून तयार होती.

सतरा ऑगस्टच्या सकाळी पोशाख अंगावर घालून बघायची वेळ आली. बदकाचं डोकं सासीच्या डोक्यावर ठेवलं, ते थेट खांद्यांवरून कमरेपर्यंत उतरलं. आतून बारीक आवाज आला, "आई, दिवे लाव."

"मोठं झालंय," सुकेर्ती म्हणाली.

"मोठं नाही. पोरगी वाढेल की!"

"दुपारच्या आत?"

पण नेंगा अशा बारीकसारीक गोष्टींनी खचणारा नव्हता. सासीने बदक अंगात घालायचं नाही, बदकात बसायचं! आत झोळी बांधू, खाली बांबूची चौकट घालू, आणि बंजारची पोरं खांद्यावर उचलतील. राक्षस उचलतात, मग हे काय जड आहे?

"मला चालायचंय," सासी म्हणाली. "क्वॅक क्वॅक करत."

ते कुणी ऐकलंच नाही. सुतेजा पोरांना बोलवायला धावला होता आणि नेंगा चौकटीच्या गाठी आवळत होता. पोरं आली, त्यांनी बदक उचललं, सगळे दिमाखात फाटकाकडे निघाले आणि फाटकापाशी थांबले.

फाटक म्हणजे गावातल्या सगळ्या घरांना असतं तसंच. उंच, कोरीव आणि अरुंद. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई जाईल एवढं. आणि आत शिरल्याशिरल्या समोर आडवी भिंत. भूतंखेतं सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही, ती भिंतीला थडकून परत जावीत म्हणून. नेंगाचा पणजोबा ही भिंत बांधून गेला, आणि त्याने बांधलेली भिंत आज चोख काम करत होती. बदकाला वळता येईना.

"पंख काढा," सुतेजा म्हणाला.

पंख काढले. पोट अडकलं.

"तिरपं करा."

तिरपं केलं. मान वर अडकली. आत येईना आणि बाहेर जाईना. आजोबा पाणी भरलेली बादली घेऊन बाहेर जायला निघाले होते, ते बदकाच्या शेपटीमागे उभे राहून वाट बघू लागले.

"मोजलं नव्हतं का आधी?" सुकेर्तीने विचारलं.

"सभागृहाला फाटक कुठे आहे मोजायला?" नेंगा तडकला.

"हे सभागृह नाही, घर आहे! इथे आम्ही राहतो!"

तेवढ्यात लांबून बालवाडीच्या बँडचा आवाज आला. मिरवणूक जमायला लागली होती. सासी पायरीवर बसून होती. अंगात आईने चढवलेला पिवळा सदरा, ओठ खाली वळलेला. नेंगाने तो ओठ पाहिला. बदक थोडंच रागावलेलं होतं, एवढ्या मिनतवारीने थोडंच, आणि आता ते अंगणातच राहणार?

"भिंतीवरून!" तो ओरडला. "उचला, कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे काढा!"

पोरं ईशान्येच्या भिंतीकडे वळली तसे आजोबा आडवे आले. "तिकडे देवघर आहे. देवांच्या डोक्यावरून बदक नेता? लाज आहे का?" पूर्वेला शेजाऱ्यांचा मांडव होता. राहता राहिली दक्षिणेची भिंत, स्वयंपाकघर आणि डुकराच्या खोपट्याच्या मागची. तिथून बदक न्यायला देवांचीही हरकत नव्हती आणि शेजाऱ्यांचीही. हरकत होती ती डुकराची, आणि त्याने ती गळा फाडून नोंदवली. भिंतीपलीकडे शेतांना पाणी नेणारा पाट होता. पाटाकडेने पायवाट, पायवाटेने थेट रस्ता. उत्तम!

निम्मी पोरं खोपट्यावर चढली, निम्मी पलीकडे पायवाटेवर उतरली. बदक हळूहळू वर गेलं. भिंतीच्या वर त्याची मान आली, उन्हात पिसं चमकली. रस्त्यावरची माणसं थांबली. "अरे, नेंगाचं काम बघा!" कुणीतरी ओरडलं. नेंगाने भिंतीवर उभं राहून हात कमरेवर ठेवले. आणि नेमका त्याच क्षणी बालवाडीच्या बँडमधल्या मोठ्या झांजा वाजल्या.

झांजा वाजल्या, खांद्यावर बांबू आहे, वरती नेंगाचं काम आहे, मग पोरांच्या पायांना कोण थांबवणार? दरवर्षी चौकात करायचं तेच त्यांनी केलं. "हेऽऽ!" अशी आरोळी ठोकून चौकट गदागदा हलवली आणि बदकाला गर्रकन गोल फिरवायला घेतलं. चौकात फिरवायला चौक असतो. पायवाटेवर फिरवायला पायवाट होती, तीही जेमतेम हातभर.

"अरे, नाही! बदक आहे ते, बदक!" नेंगा ओरडला.

पहिला फेरा निभावला. दुसऱ्या फेऱ्यात पाट आला.

बदक पाटात पडलं. आत सासी बसलेली नव्हती, ती पायरीवरच होती, हे सगळ्यांना एकदमच आठवलं आणि सगळ्यांचा जीव एकदमच भांड्यात पडला. मग सगळ्यांनी खाली पाहिलं. बदक तरंगत होतं. नुसतं तरंगत नव्हतं, छाती पुढे काढून, मान ताठ ठेवून, पाटाच्या मधोमध ऐटीत निघालं होतं.

"सरळ चाललंय बघ," सुतेजा भारावून म्हणाला. "कलत नाहीये."

"माझं बदक पोहतंय!" सासी मागून किंचाळली. ती आईचा हात ओढत फाटकातून धावत पायवाटेवर आली होती आणि तिचे डोळे, दोन्ही डोळे, टक्क उघडे होते.

पण नेंगाने ते पाहिलं नाही. त्याला दिसत होता पुढे रस्त्याखालचा मोरीचा नळ. बदक तिथे गेलं की संपलंच. त्याने भिंतीवरून थेट पाटात उडी घेतली, पाणी छातीएवढं, आणि धडपडत, गटांगळ्या खात त्याने बदकाला मागून गाठलं आणि गळ्याला मिठी मारली. खळ भिजलेली, कागद भिजलेला. मिठी मारताच पोट फाटलं, बांबू सुटे झाले, आणि पिसं, एकेक कापून चिकटवलेली पिसं, बदकाला सोडून नेंगाला चिकटली. सगळ्यात आधी पाटी सुटली. 'शिल्पकार : नेंगा विदार्ता' सुरेख अक्षरांत तरंगत मोरीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

नेंगा बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होता. रंग ओघळत होता, पिसं लोंबत होती, आणि बदकाचं डोकं, जे सासीला कमरेपर्यंत आलं होतं, ते त्याच्या डोक्यावर असं चपखल बसलं होतं की जणू मापच घेतलं असावं. कुणी हसेना. तोंडं दाबून सगळे उभे होते. इतक्या दिवसांचं काम पाण्यात गेलेल्या माणसाला हसणार कोण?

चोचीच्या फटीतून नेंगाला फक्त सासी दिसत होती. ती समोर येऊन उभी राहिली. आता किंचाळणार, त्याला वाटलं. आता आईच्या लुंगीत जाणार. त्याला स्वतःचाच असा राग आला की रडू फुटायची वेळ आली. एक साधा पिवळा सदरा पुरला असता रे गाढवा, तो मनात म्हणाला.

पाण्याने भुवया धुऊन गेल्या होत्या. डोळ्यांचं काळं ओघळून दोन गोल, भांबावलेले ठिपके उरले होते. सासीने मान वाकडी करून ते नीट पाहिले. तोंडावर हात नाही, बोटांची फट नाही. मग तिने जवळ येऊन ओल्या चोचीवर हात फिरवला.

"आता रागावलेलं नाहीये," ती म्हणाली. "बापा, तुम्ही बदक व्हा. मी राखते."

"आणि तू गं? तुला बदक व्हायचं होतं ना?" सुकेर्तीने विचारलं.

"एवढ्या मोठ्या बदकाला कुणीतरी राखायला नको?"

आजोबांनी खोपट्याला टेकवलेली आपली काठी आणली. तिच्या टोकाचं पांढरं फडकं बघून सुकेर्तीच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने कमरेचा लाल पट्टा सोडला आणि पांढऱ्याच्या वर बांधला. लाल वर, पांढरं खाली. बदकांच्या काठीचा बघता बघता देशाचा झेंडा झाला, आणि आजोबा काठीकडे बघून नकळत ताठ उभे राहिले.

अशी ती मिरवणुकीत शिरली. पुढेमागे पुठ्ठ्याचे ससे, कागदी कानांची माकडं, शेपट्या सुटलेले वाघ, आणि मधे हातभर उंचीची सासी, हातात तिच्या तिप्पट लांब काठी. काठी आजोबांनी मागून हळूच धरली होती. झेंड्याच्या खाली, झेंड्यापासून तसूभरही लांब न जाता, ओलंचिंब, पिवळं, फतक फतक चालणारं ते प्रचंड बदक. ते जरा मागे पडलं की सासी ओरडे, "हर्र, हर्र! इकडे चल!" आणि बदक मान खाली घालून इकडे चाले. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं हसून हसून एकमेकांवर कोसळत होती. पोरं घाबरून पळण्याऐवजी बदकाचं शेपूट धरायला धावत होती. नेंगाला इतकी वर्षं राक्षस करून जी गर्दी कधी मिळाली नव्हती, ती आज मिळत होती.

शाळेच्या पटांगणात अरिनी बाईंनी माइक हातात घेतला. घरगुती पोशाखाचं पहिलं बक्षीस बदकाला, असं जाहीर झालं तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला. बाई हसू आवरत बदकाजवळ आल्या.

"आम्ही सोपा पोशाख सांगितला होता हं," त्या म्हणाल्या. "पण काय केलंय, वा! कोणी केलं हे बदक?"

सुकेर्तीने डोळे मिटून घेतले. सुतेजाने घसा खाकरला. या प्रश्नाचं उत्तर नेंगाच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार असे, नावासकट, बंजारसकट, वडिलांच्या नावासकट. चोचीच्या आत त्याने तोंड उघडलं.

"मी," सासी म्हणाली.

बाई तिच्याकडे वाकल्या.

"तू? एकटीने?"

"हो." सासीने काठी घट्ट धरली आणि मान एवढी वर केली की झेंड्याबरोबर तिचीही उंची वाढली. "आधी ते रागीट होतं. मग मी नीट केलं. विचारा हवं तर त्याला."

बाईंनी माइक बदकाच्या चोचीपुढे धरला. नेंगाने सासीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे सरळ, डोळे भरून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो रुबाब त्याने लगेच ओळखला. पाटी रंगवताना आरशात दिसायचा तो हाच.

त्याने घसा साफ केला आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"क्वॅक."